पूर आला की गावातील जाणती माणसे माहिती कोठून घेतात, आणि कोठून घ्यावी?

नदीकाठचा मास्तर

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावरील एका गावात मी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक आहे. २०१९ आणि २०२१ हे दोन्ही पूर मी गावात राहूनच अनुभवले. पाणी पात्राबाहेर आले की गाव ठरावीक पाच-सहा माणसांच्या तोंडाकडे पाहू लागते: सरपंच, पोलीस पाटील, दूध संस्थेचे चेअरमन, गावातील डॉक्टर, तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि शाळेचा मुख्याध्यापक. जनावरे आज हलवायची की उद्या, घर सोडायचे की सामान माळ्यावर चढवून थांबायचे, हे निर्णय घरोघरी होतात हे खरे असले, तरी बहुतेक घरांत ते या माणसांपैकी कोणाच्या तरी एका वाक्यावर होतात.

माझा प्रश्न या माणसांविषयीच आहे. पूर्वी तलाठ्याचा निरोप येई, आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून सूचना ऐकू येत. आता या सर्वांच्या माहितीचा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, स्रोत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे गट, फेसबुकवरील पाने आणि यूट्यूबवरील स्थानिक वाहिन्या. २०२१ च्या पुरात "कोयनेतून प्रचंड पाणी सोडले आहे, रात्री बारापर्यंत गावात शिरेल" असा एक मजकूर चेअरमनांना एका गटातून, पोलीस पाटलांना दुसऱ्या गटातून आणि मला पुण्यात राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याकडून आला. आम्ही ग्रामपंचायतीत एकत्र आलो तेव्हा तिघांकडेही तोच मजकूर असल्यामुळे तो पक्का असल्याची भावना तेथे बसलेल्या प्रत्येकाची झाली. पोलीस पाटलांनी तहसील कार्यालयातील पूर नियंत्रण कक्षाला फोन लावला, तेव्हा तो मजकूर २०१९ मधील असल्याचे निष्पन्न झाले.

तेव्हापासून मनात प्रश्न आहे की, ज्यांच्या शब्दावर गाव हलते त्यांनी समाजमाध्यमांवर किती विसंबावे? हाती तास-दीड तास असताना संदेशाची पारख कशी करावी? "फक्त सरकारी माहितीवर विश्वास ठेवा" एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ती माहिती वेळेत हाती आली असती, तर हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती.

सांडवा

सर, मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालेला अभियंता असून कृष्णा खोऱ्यात बराच काळ काम केले आहे. माझ्या अनुभवाने संदेश खरा की खोटा हे पाहण्याआधी तो पूर्ण आहे का, हे पाहावे. पुराविषयीच्या कामाच्या संदेशात धरणाचे नाव, विसर्ग (सोडलेले पाणी) किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, तो कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून, आणि नदीची पातळी कोणत्या ठिकाणी किती फूट, इतके असावेच लागते. "कोयनेचे दरवाजे उघडले" या वाक्यात यांपैकी नावाखेरीज काहीच नाही. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत आणि ते दीड फूट उचलले की दहा फूट, यावर खालच्या गावांचे सगळे अवलंबून असते. पायथा वीजगृहातून दोन-अडीच हजार क्युसेक पाणी येत असतानाही हेच वाक्य फिरताना मी पाहिले आहे.

दुसरा गोंधळ टीएमसी आणि क्युसेक यांचा असतो. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, हे साठ्याचे माप आहे; क्युसेक हे प्रवाहाचे. साधारण ११,५७४ क्युसेकने सलग २४ तास पाणी सोडले की एक टीएमसी होते. त्यामुळे "एका तासात दहा टीएमसी पाणी सोडले" असे कोणी लिहिले, तर तो विसर्ग २७ लाख क्युसेकांहून अधिक भरतो, आणि कृष्णा खोऱ्यातील कोणत्याही धरणाच्या बाबतीत तो आकडा अशक्य आहे. एवढा गुणाकार आपल्या शाळेतील आठवीचा विद्यार्थीही करील. कोयनेची पूर्ण साठवण क्षमताच १०५ टीएमसीच्या आसपास आहे, हे लक्षात ठेवले तरी निम्मे संदेश जागीच गळून पडतात.

राधानगरी धरणाविषयी दरवर्षी घबराट होते, म्हणून तेही सांगतो. तेथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव ठरावीक पातळीला भरला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कोणी अधिकारी मध्यरात्री कळ दाबून पाणी सोडत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते, म्हणजे सातही उघडले तरी दहा हजारांच्या आतच विसर्ग होतो. पंचगंगेला मोठा पूर येतो तो यात तुळशी, कुंभी, कासारी आणि भोगावतीच्या मुक्त (धरणाने न अडवलेल्या) पाणलोटातील पाऊस मिसळल्यामुळे. तो पाऊस धरणाच्या दरवाजांच्या बातमीत कोठेच दिसत नाही.

आपल्या तालुक्यासाठी एक वेगळी अडचण आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. कोल्हापूरला पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे ३९ आणि ४३ आहेत. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सर्वाधिक पसरतो तो आयर्विन पुलाचाच आकडा, कारण सांगलीत बातमीदार आहेत. परंतु वारणा कृष्णेला हरिपूरला, म्हणजे त्या पुलाच्या खाली मिळते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला. आयर्विनजवळ पाणी स्थिर असताना वारणेवरील चांदोली धरणाचा विसर्ग वाढला किंवा पंचगंगा फुगली, तर सांगलीचा दिलासा देणारा संदेश शिरोळकराला शंभर टक्के खरा असूनही फसवू शकतो. म्हणून आपल्या गावाने आयर्विन, राजाराम बंधारा, कोयना आणि चांदोली हे चारही आकडे एकत्र ठेवल्याशिवाय अंदाज बांधू नये.

राहता राहिले कर्नाटकातील कृष्णेवरचे अलमट्टी धरण. २०१९ नंतर शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टी आणि हिप्परगी बंधारा यांच्यामुळे सांगली-कोल्हापूरचा पूर आला नाही, असा निष्कर्ष काढला. तो अनेकांना मान्य नाही आणि त्यावर वाद चालू आहे. तो वाद जरूर करावा, पण उन्हाळ्यात. पाणी उंबऱ्याला लागले असताना अलमट्टीवरील लांबलचक मजकूर गावाच्या गटात टाकणारा मनुष्य त्या घटकेला कामाची माहिती खाली ढकलत असतो.

तालुका वार्ताहर

सांडवा साहेबांनी आकड्यांचे उत्तम सांगितले. मी एका दैनिकासाठी तालुक्यातून बातमीदारी करतो आणि आमच्या व्यवसायातील एक बाब येथे मांडणे आवश्यक वाटते, कारण गावातील जाणती माणसे आमच्या बातमीला "पेपरात आले आहे" म्हणून वेगळे वजन देतात.

पुराच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि बातमीदार स्वतः प्रत्येक गावी पोहोचू शकत नाही. तेव्हा आम्हीही गटांवरच असतो. सरपंच गटावर टाकतात, आम्ही ते उचलतो, आमची बातमी किंवा आमच्या यूट्यूब वाहिनीची चित्रफीत पुन्हा त्याच सरपंचांच्या गटावर येते आणि आता तिला वृत्तपत्राचा शिक्का असतो. सरपंचांना वाटते, आपण म्हणत होतो त्याला दुजोरा मिळाला. वस्तुतः त्यांचाच शब्द त्यांच्याकडे परत आलेला असतो. सरांनी सांगितलेल्या प्रसंगातही तीन माणसे होती, तीन गट होते आणि स्रोत एकच होता. म्हणून संदेश किती जणांकडून आला हे मोजण्यापेक्षा, त्यांच्यापैकी पाणी डोळ्यांनी पाहणारा कोण आहे, हे विचारावे. "तुम्ही स्वतः पाहिलेत का, आणि किती वाजता?" या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, की तो दुवा सोडून द्यावा.

सरकारी माहिती आणि समाजमाध्यमांवरील माहिती असा जो भेद आपण करतो, तोही आता फारसा टिकत नाही. जिल्हा माहिती कार्यालयाचे टिपण आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवरच येते, धरणांच्या विसर्गाचे तक्ते तेथेच येतात. पहिल्या गटात ते पूर्ण पानाच्या स्वरूपात, तारीख-वेळेसह असते. कोणीतरी त्यातील दोन ओळी नकलून पुढे पाठवतो, आणि तिसऱ्या गटापर्यंत तारीख, वेळ व कार्यालयाचे नाव गळून गेलेले असते. मजकूर सरकारीच असतो, पण तो आजचा आहे की कालचा हे आता कोणीच सांगू शकत नाही. यावर माझा साधा नियम असा की, पुढे पाठवायचेच असेल तर मूळ पान जसेच्या तसे पाठवावे. आपल्या शब्दांत सारांश लिहू नये.

पुराच्या पलीकडचे एक उदाहरण देतो, कारण अफवेपुढे गावातील अधिकाराच्या जागा किती दुबळ्या ठरतात हे त्यात दिसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात होते, तेथेच त्यांना मारहाण झाली. मुले पळवण्याच्या अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच सुमारास देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीचा शेवट कापून तयार केलेली होती. अशी अफवा गावात फिरू लागल्यावर, "ही खोटी आहे, मी चौकशी केली आहे" असे मोठ्या आवाजात म्हणणारी जाणती माणसे त्या आठवड्यातच हवी असतात. जमाव जमल्यावर त्यांचे कोणी ऐकत नाही.

वाशिष्ठीकाठ

वरील दोन्ही उत्तरे वाचून मला थोडे अस्वस्थ वाटले, म्हणून चिपळूणकर या नात्याने दुसरी बाजू मांडतो. २२ जुलै २०२१ रोजी आमच्या शहरात पाणी चढले तेव्हा तक्ते वाचत बसण्याइतका अवधी कोणाकडेच नव्हता. तळमजले भराभर बुडत गेले. कोणती आळी बुडाली, कोणत्या इमारतीच्या गच्चीवर माणसे अडकली आहेत, कोणाकडे होडी आहे, हे जोवर मोबाइल चालू होते तोवर आम्हाला गटांवरूनच कळत होते. त्या माहितीला कोणत्याही कार्यालयाचा शिक्का नव्हता आणि त्यातली काही चुकीचीही होती. तरीही ती नसती तर मदतीला निघालेल्यांनी कोणत्या दिशेने जायचे हेच त्यांना कळले नसते.

समाजमाध्यमांवर विसंबणे हा जाणत्या माणसाचा दोष असल्यासारखे बोलले जाते, ते मला पटत नाही. सरकारी सूचना वरून खाली येते; तिला उलट प्रश्न विचारता येत नाही. गटावर "आमच्याकडे पायरीपर्यंत आले, तुमच्याकडे?" असे विचारता येते आणि वरच्या आळीचे उत्तर खालच्या आळीला तासभर आधी मिळते. पूर्णपणे पडताळलेली परंतु उशिरा आलेली सूचना आणि अर्धवट परंतु वेळेवर आलेली सूचना यांतून निवड करायची झाली, तर पात्रालगतचा मनुष्य दुसरीच निवडेल. शिवाय दोन्हीकडच्या चुकीची किंमत सारखी नसते. विनाकारण घर सोडावे लागले तर एक रात्र शाळेच्या वर्गात काढावी लागते, एवढेच.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या दिवशी वीज गेली, मग मोबाइलची सेवा गेली, आणि ज्यांच्याकडे सकाळपर्यंत सगळी माहिती होती ती माणसे दुपारी इतरांइतकीच आंधळी झाली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील कित्येक गावांना असाच अनुभव आला. दिवसेंदिवस संपर्क नव्हता आणि मुंबईतील नातेवाईक गावाकडील सरपंचांना फोन लावून थकले. एकाच वाहिनीवर सगळा भार टाकल्याचा खरा फटका तेथे बसला. अफवांनी आमचे नुकसान त्यामानाने कमी केले.

सांडवा

वाशिष्ठीकाठ यांचा मुद्दा मान्य आहे, पण एक भेद सुचवतो. वाशिष्ठीला पाणी काही तासांत चढते. कृष्णेच्या सपाट खोऱ्यात ते हळूहळू चढते आणि दिवसेंदिवस उतरत नाही. चिपळूणला लवकर आलेला अर्धवट संदेश उपयोगी पडतो, शिरोळला बहुधा फोन करून खात्री करण्याइतका वेळ मिळतो. आणि विनाकारण हलण्याची किंमतही वाटते तितकी किरकोळ नसते. तीन वेळा अफवेवर जनावरे हलवलेला शेतकरी चौथ्या वेळी खऱ्या इशाऱ्याला दावे सोडत नाही. सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये बोट उलटून जी माणसे गेली, ती पाण्याने वेढलेल्या गावातून बाहेर पडत होती. पाणी वाढण्याआधी जमिनीवरून निघणे आणि वेढा पडल्यावर बोटीने निघणे यांत किती अंतर आहे, हे त्या घटनेवरून कळावे.

माध्यमांची विद्यार्थिनी

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात या विषयाची सुरुवात १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपासून होते. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी परगण्यात मतदारांच्या वारंवार मुलाखती घेतल्या. वृत्तपत्रे आणि रेडिओ थेट लोकांची मते घडवतात, असा तेव्हाचा समज होता. त्यांना आढळले ते असे की, पुष्कळ लोक आपल्याच ओळखीतील, थोड्या अधिक जाणत्या माणसांचे ऐकतात आणि ती माणसे इतरांपेक्षा वृत्तपत्रे अधिक वाचतात व रेडिओ अधिक ऐकतात. माहिती माध्यमांकडून या माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे, अशी दोन टप्प्यांत जाते, ही मांडणी त्यातून पुढे आली.

सरांच्या प्रश्नात या मांडणीचा पायाच हललेला दिसतो. त्या काळी जाणत्या माणसाचे वजन होते, कारण इतरांकडे नसलेला स्रोत त्याच्याकडे होता. आज चेअरमनांच्या हातात जो संदेश आहे तोच गोठ्यात काम करणाऱ्या मुलाच्याही हातात आहे, आणि कदाचित त्याच्याकडे आधी आला आहे. तरीही गाव चेअरमनांकडेच पाहते, कारण लोकांना आता त्यांच्याकडून बातमी नको आहे, निवाडा हवा आहे: हे खरे धरायचे का, आणि धरले तर काय करायचे? अडचण अशी की, बरीचशी जाणती माणसे अजून बातमी पुरवण्याचेच काम करतात आणि सर्वांत आधी पुढे पाठवण्यात आपला मान आहे असे समजतात. निवाडा करणाऱ्याने उशीर केला तर चालते; बातमी पुरवणाऱ्याला उशीर चालत नाही. यातूनच पुष्कळसा गोंधळ होतो, असे मला वाटते.

तांत्रिक बाजूविषयी थोडेसे. २०१८ च्या जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो; अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. हा दुहेरी बाण उपयोगाचा आहे, कारण संदेश पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला नाही आणि लांबून आला आहे, इतके तो निश्चित सांगतो. मात्र मजकूर नकलून नव्याने चिकटवला की बाण नाहीसा होतो. गावचे नाव घालून "आत्ताच समजले" अशी सुरुवात करून फिरणारे बहुतेक मजकूर याच वाटेने येतात.

कायदेकारण

गटांचे प्रमुख असलेल्यांच्या माहितीसाठी: आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीविषयी किंवा तिच्या तीव्रतेविषयी घबराट पसरवणारा खोटा इशारा देणे अथवा तो पसरवणे यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. सदस्याने टाकलेल्या मजकुराची फौजदारी जबाबदारी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय, गटप्रमुखावर येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे; ते प्रकरण आपत्तीशी संबंधित नव्हते. स्वतः पुढे पाठवलेल्या मजकुराला हे संरक्षण अर्थातच लागू नाही.

नदीकाठचा मास्तर

सर्वांचे आभार. चर्चेतून माझ्यापुरता निर्णय झाला आहे की, पावसाळ्यात गावाच्या मुख्य गटावर सरपंच, पोलीस पाटील आणि मी अशा तिघांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था करावी. प्रश्नोत्तरांसाठी आणि मदतीच्या हाकांसाठी दुसरा, सर्वांना खुला असलेला गट ठेवावा. वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलेली आळीआळीतील खबरबात त्या दुसऱ्या गटात चालेल आणि तिच्यातील पडताळलेली तेवढी मुख्य गटावर येईल.

दोन शंका उरतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा मोठा आवाज करणारा इशारा २०२३ मध्ये चाचणी म्हणून आमच्या सर्वांच्या मोबाइलवर वाजला होता. त्यावर किती विसंबावे? आणि मोबाइल बंद पडल्यावर काय करावे?

सांडवा

तो इशारा टॉवरच्या टप्प्यातील मोबाइल संचांवर एकदम येतो, त्यासाठी कोणाचा क्रमांक लागत नाही आणि तो कोणी पुढे पाठवलेला नसतो, म्हणून स्रोताचा प्रश्न तेथे सुटतो. परंतु तो मोठ्या भूभागासाठी असतो. आपल्या गावातील कोणती गल्ली आधी बुडेल हे त्यात येणार नाही, आणि टॉवर बंद पडला की तोही नाही.

दुसऱ्या शंकेसाठी खर्चाचे काही करावे लागत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते याच्या खुणा ग्रामपंचायत, शाळा आणि देवळाच्या भिंतीवर रंगवून घ्या, आणि घाटाच्या पायऱ्यांना क्रमांक द्या. पायरी बुडाली की पोलीस पाटलांनी वेळ वहीत लिहावी आणि चावडीवरील फळ्यावर खडूने मांडावी. नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांकही त्याच फळ्यावर हवा, कारण मोबाइलमध्ये साठवलेला क्रमांक बॅटरी संपली की मिळत नाही. देवळाचा व मशिदीचा ध्वनिवर्धक बॅटरीवर चालतो का, हे मे महिन्यातच तपासून ठेवा. दवंडीचा मजकूर आधी कागदावर लिहून तोच वाचायला सांगावा, म्हणजे दोन गल्ल्यांत दोन निरोप जाणार नाहीत. पायऱ्यांच्या नोंदी तीन-चार पावसाळ्यांच्या साठल्या, तर त्यांची आयर्विन आणि राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यांशी सांगड घालून देण्याचे काम मी आनंदाने करीन, वही पाठवा.